कानांची निगा

आमच्या घरात माणसाची किंमत त्याला सुई टोचता येते की नाही यावर ठरायची. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लाल औषध, पिवळं औषध आणि पांढरं औषध अशा तीन बरण्यांवर त्यांचं राज्य चालायचं. बाटलीत औषध भरायचं, कागदाची कातरलेली पट्टी बाहेरून चिकटवायची आणि "दिवसातनं तीनदा, हलवून" असं म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. पण डॉक्टर जेवायला घरी गेले की इंजेक्शनही तेच द्यायचे, म्हणून गल्लीत त्यांनाच डॉक्टर म्हणायचे. आबांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. संध्याकाळी ते घरी आले की शर्टाला स्पिरिटचा वास यायचा आणि आई त्या वासालाही पाट मांडल्यासारखी वागायची. स्वयंपाकघरात आईचा स्वतःचा एक वास होता, मशेरीचा. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. सकाळी सगळ्यात आधी तिच्या बोटाला ती लागायची, मग चुलीला काडी. उन्हाळ्यात शेजारच्या डंखावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर, सगळ्या गल्लीची चटणी कुटली जायची. त्या ठणठणाटात आणि मिरचीच्या खाटात आम्ही दोन महिने शिंकत अभ्यास करायचो. माझे बारावीचे मार्क कमी पडले त्याचं खापर मी त्या डंखावर फोडलं. आबांनी ते माझ्या डोक्यावर फोडलं.

मला नर्स व्हायचं होतं. आबा म्हणाले, नर्सची नोकरी घरंदाज पोरीची नव्हे. दिवसभर नर्सांच्या हातून कापूस आणि बँडेज घेणारा माणूस हे म्हणत होता. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की आरोग्य शिक्षणाचा दोन वर्षांचा पदविका कोर्स निघालाय, त्यात रक्त नाही, रात्रपाळी नाही, नुसतं बोलायचं. आबांनी फी भरली आणि त्याच दिवसापासून माझी टर उडवायला सुरुवात केली. जेवताना भाकरी मोडत विचारायचे, "काय गं सुमन, सुई टोचत न्हाईस, गोळी देत न्हाईस, मग करणार काय तू?"

"लोकांना सांगणार."

"काय सांगणार?"

"आजारी पडू नका म्हणून."

ते इतके हसायचे की ठसका लागायचा. "लोक आजारी न्हाई पडले तर आपण खायाचं काय?"

आज मला वाटतं, आमच्या सगळ्या अभ्यासक्रमात या धंद्याबद्दल एवढं खरं वाक्य दुसरं नव्हतं.

आमची संस्था एका पिठाच्या गिरणीवर होती. गिरणीवर म्हणजे शब्दशः. खाली ज्वारी दळली जायची आणि वर आम्ही. पट्टा फिरायला लागला की जमीन थरथरायची, खडूचं पीठ आणि खरं पीठ एकमेकांत मिसळायचं आणि 'स्वच्छ हवेचे महत्त्व' शिकून आम्ही पांढऱ्या भुवया घेऊन घरी जायचो. हात धुण्याच्या सात पायऱ्या आम्हाला कोरड्या हातांनी शिकवल्या गेल्या, कारण नळाला पाणी सकाळी सातपर्यंतच यायचं आणि साबण कपाटात कुलपात असायचा. तो साबण दोन वर्षांत मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा तपासणीला माणसं आली होती तेव्हा. संस्थेचे प्रमुख म्हणजे तक्तेसर. खरं नाव वेगळं होतं, पण त्यांच्या काखेत कायम गुंडाळलेले तक्ते असायचे. एकात माशी, एकात फुप्फुस, एकात आदर्श शौचालय. स्वतः सर तंबाखू खायचे आणि फुप्फुसाचा तक्ता लावला की खिडकीतून खाली गिरणीच्या पत्र्यावर पिंक टाकून यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर करिअरच्या बारा संधी लिहिल्या. आरोग्य शिक्षक, समुपदेशक, कारखान्यातला कल्याण अधिकारी, प्रकल्प समन्वयक असं करत करत बारावी संधी होती 'परदेश'. कुठला देश, तिथं काय करायचं, काही नाही, नुसतं परदेश. आम्ही अठराजणींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली लाल शाईनं रेघ मारली. त्या अठराजणींपैकी एकीनं पुढं विमे विकले, दोघी अंगणवाडीत लागल्या, एक साडीच्या दुकानात बसायला लागली आणि मी सोडून बाकीच्यांची लग्नं झाली. परदेशी कुणी गेलं नाही. मागच्याच वर्षी एका कॉलेजनं मला 'आरोग्य शिक्षणातील करिअरच्या संधी' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. पडद्यावर यादी झळकत होती, यावेळी सोळा संधी होत्या. पोरी मोबाईलवर तिचे फोटो काढत होत्या. मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी मागितलं.

तक्तेसरांनी आमच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती भाषेवर. आम्ही कोल्हापूरच्या पोरी. "मी जातो, मी आलो, मी सांगतो" असंच बोलायचो. सर टेबलावर पट्टी आपटायचे. "पुरुष आहात का? जाते म्हणा! येते म्हणा! तुमचं ऐकून लोकांनी सुधारायचं आहे!" मग आम्ही सुधारलो. 'दम लागणे' म्हणायचं नाही, 'श्वसनास त्रास' म्हणायचं. 'हागवण' तर तोंडातून काढायचीच नाही. सहा महिन्यांत मी अशी काही बोलायला लागले की गल्लीतल्या बायका माझ्यासमोर पदर सावरून गप्प व्हायच्या. मला तो आदर वाटायचा. घरी मी आईला तोंडाच्या कर्करोगाबद्दल अस्खलित दहा मिनिटं ऐकवलं. तिनं मशेरीचं बोट दातावरून काढलं, चूळ भरली आणि म्हणाली, "झालं का? आता तेवढी मेथी निवड." मला तिच्या अडाणीपणाची कीव आली. आपली आई ही आपल्याला लागलेला डाग आहे असं मला त्या दिवसांत मनापासून वाटायचं, आणि हे लिहिताना मला लाज वाटते एवढं म्हणून पुढं जाते.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकीला एक विषय आणि एक जागा मिळाली. सहा भेटी द्यायच्या, सहा व्याख्यानं करायची, प्रत्येकाला चाळीस श्रोत्यांच्या सह्या किंवा अंगठे, आणि शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन जागेवर तपासणार. मला मिळालं कबनूर गावातलं एक यंत्रमागाचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना, आणि विषय 'कानांची निगा'. मी एस.टी.तनं उतरले, काखेत कानाचा तक्ता, अंगावर इस्त्रीची साडी. खात्याच्या दारात पोचले आणि आवाज अंगावर आला. त्याला आवाज म्हणणंही कमीच. चोवीस माग एकदम आपटत होते, सूत नेणारे धोटे इकडून तिकडे भिरभिरत होते, पायाखालची फरशी खदखदत होती, छातीतलं हाड हलत होतं. हवेत कापसाची भुकटी धुरासारखी तरंगत होती. दिवाणजीनं मला एका कोपऱ्यात उभं केलं आणि माग बंद करायला साफ नकार दिला. तेव्हा मी तशीच बोलायला लागले. मला माझाच आवाज येत नव्हता. "बंधू-भगिनींनो, ध्वनिप्रदूषणामुळे श्रवणक्षमतेचा ऱ्हास होतो," असं मी ओरडत होते आणि मागावरची माणसं एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा तक्त्यातल्या भल्यामोठ्या गुलाबी कानाकडे बघत होती. व्याख्यानाच्या शेवटी उपाय होता: 'कानात कापसाचे बोळे घालावेत.' ते मी हातानं करून दाखवलं. तेव्हा सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांच्या रांगेतली एक काळीसावळी, हाडकुळी बाई उठून माझ्यापाशी आली. तिला सगळे कमळाक्का म्हणायचे, वय पन्नाशीच्या आसपास असेल. माझ्या कानाला तोंड लावून ती म्हणाली, "बाई, कापूस कानात हाय, नाकात हाय, भाकरीत बी हाय. आनि कुठं घालू?"

मला राग आला. शिकवायला आलेल्या माणसाशी असं बोलतात का? मी तक्ता गुंडाळला, दिवाणजीकरवी अकरा अंगठे घेतले आणि परतीच्या एस.टी.त बसले. पुन्हा तिथं पाय ठेवायचा नाही असं ठरवूनच. उरलेल्या पाच भेटी मी घरीच दिल्या. आबांच्या दवाखान्यातून शाईचा पॅड आणला आणि माडीवर बसून माझ्या दहा बोटांचे, मग हाताच्या कडेचे, शेवटी पायाच्या अंगठ्यांचे ठसे उमटवले. नावं मी सुचतील तशी लिहिली. अहवालात लिहिलं की कामगारांनी अत्यंत उत्सुकतेने माहिती ग्रहण केली. तक्तेसरांनी तो अहवाल वर्गात वाचून दाखवला आणि याला म्हणतात काम, असं म्हणाले. माझ्या पायाच्या अंगठ्यावरची शाई तेव्हा पुरती गेलीही नव्हती.

मग परीक्षेचा दिवस आला. पुण्याहून परीक्षक बाई आल्या, गॉगल लावून, जीपमधून. तक्तेसरांनी मालकाला गाठून दहा मिनिटं माग बंद ठेवायचं कबूल करून घेतलं होतं. खातं एकदम थांबलं. त्या शांततेत मागावरची माणसं अस्वस्थ होऊन एकमेकांकडे बघत होती, जणू कुणी मेलंय. या माणसांनी मला एकदाच पाहिलेलं. त्यातल्या एकानं जरी "ही कोण?" असं म्हटलं असतं तर दोन वर्षं, आबांची फी, सगळं त्या फरशीवर सांडलं असतं, आणि आबा आयुष्यभर ठसका लागेपर्यंत हसले असते. परीक्षक बाईंनी रांगेवरून नजर फिरवली आणि नेमकं कमळाक्काकडे बोट केलं.

"या मुलीनं तुम्हाला काय शिकवलं?"

कमळाक्का त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा काय सांगत होता कुणास ठाऊक. ती हात जोडून मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखी घडाघडा म्हणाली, "लई चांगलं शिकिवलं, बाई! जेवायच्या आधी हात धुवायचं, पानी उकळून प्यायाचं, पोरास्नी डोस पाजायचं. दर बुधवारी येती की पोरगी! लई मायाळू."

माझा विषय कान होता. पाठीमागच्या भिंतीवर तो गुलाबी कान लटकत होता. परीक्षक बाई मान डोलावत लिहीत होत्या. "छान, आत्मसात केलंय यांनी," असं त्या तक्तेसरांना म्हणाल्या, आणि सरांनी डोळे मिटून नम्रपणे मान झुकवली. पुण्याहून कबनूरपर्यंत जीपनं आलेल्या, आरोग्य शिक्षणात पंधरा-वीस वर्षं घालवलेल्या त्या बाईंना एवढंही दिसलं नाही. मला पहिला वर्ग मिळाला.

जीप गेली, माग पुन्हा सुरू झाले. मी तक्ता काढत होते तेवढ्यात कमळाक्कानं माझं मनगट धरलं.

"पास झालीस न्हवं?"

"झाले," मी म्हणाले. "तुमच्यामुळं."

"दरवर्साला एक पोरगी येती. सगळ्या हेच शिकिवत्यात, म्हनून तेच बोललो. तुझं शिक्षान बुडू नये म्हनून. आता खरं सांग, तुझा इशय काय हुता?"

मी माझ्या कानाला हात लावला.

तिनं रांगेकडे वळून काहीतरी म्हटलं, आवाज न काढता, नुसतं ओठांनी. शेजारणीनं ते पुढच्या बाईला दिलं, तिनं पुढच्या. त्या गदारोळात ती पंधरा-सोळा बायकांची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बिनआवाजाची हसली. त्या जवळजवळ सगळ्या बहिऱ्या होत्या. कुणी थोडी, कुणी पार. दिवसभर त्या ओठ वाचून बोलायच्या आणि मी त्यांना श्रवणक्षमतेवर भाषण दिलं होतं. "तुझं त्वांड कळतच न्हाई," कमळाक्का माझ्या कानात म्हणाली. "पुस्तकावानी हलतंय. आमच्यागत बोलली असतीस तर काय तरी कळलं असतं."

त्या रविवारी घरी मटण झालं. आबांनी गल्लीत पेढे वाटले, का वाटले हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तक्तेसरांनी मला संस्थेतच शिकवायची नोकरी देऊ केली. म्हणजे बारा संधींपैकी पहिली. मी ती घेतली. उगाच मोठेपणा सांगत नाही, घेतली. पण रस्सा पुढ्यात असताना मला ती ओठांची रांग दिसत राहिली आणि मी भात तसाच ठेवून उठले. आईनं विचारलं, "पोट दुखतंय?" मी हो म्हणाले. तिनं ओवा दिला.

पुढच्या बुधवारी मी कबनूरला गेले. तक्ता नेला नाही. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तेव्हा कमळाक्का भाकरीचं फडकं सोडून बसली होती, वर खर्डा. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. ती भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात देत म्हणाली, "आता काय? आनि परीक्षा हाय?"

"न्हाई," मी म्हणाले. हळू, तोंड उघडून, घरी बोलतो तशी. "आक्का, गेलेला कान परत येत न्हाई. औषध न्हाई त्येला. नुसत्या कापसानं बी काय हुत न्हाई, ते मी खोटंच सांगितलं हुतं. मलाच ठावं नव्हतं."

ती चावायची थांबली. तिला एकूण एक शब्द कळला होता, हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसलं. तिनं घास गिळला. मग म्हणाली, "एवढं सांगायला दोन वरसं लागली व्हय?" आणि रांगेच्या टोकाला बसलेल्या एका पोरीला हाक मारली. ती तिची सून, रंजना, गेल्याच महिन्यात कामावर आलेली. "हिला अजून ऐकू येतंय. हिच्याशी बोल." असं म्हणून ती हात धुवायला उठून गेली.

भोंगा झाला. माग सुरू झाले. रंजनाला मी काही सांगणार, एवढ्यात तिनंच माझ्याकडे तोंड केलं. सासू चार हातांवर उभी होती, तिनं ओठ वाचू नयेत म्हणून रंजनानं तिच्याकडे पाठ केली. मागांच्या गदारोळात आवाज काढून उपयोगच नव्हता. महिन्याभरात ती रांगेकडून ओठांचं बोलणं शिकली होती आणि आता तेच अगदी सावकाश मला देत होती. मला ते तिसऱ्या खेपेला कळलं. "पोटातल्या पोराला ह्यो आवाज जातोय काय?"

घरात अजून कुणाला ठाऊक नव्हतं. मी पहिल्या वर्गाची पदविका घेतलेली, आरोग्य शिक्षणाची शिक्षिका, तिच्यासमोर मान हलवून एवढंच म्हणू शकले की मला ठाऊक नाही, विचारून येते. तक्तेसरांना विचारलं तर ते म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही ते." आबांना विचारलं तर म्हणाले, "पोटात कान कसला?" आबांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू बरणीनंच प्रश्न विचारलाय. शेवटी कानाच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी पेशंटांच्या रांगेत तीन तास बसले. कुरकुरत का होईना, त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, दोन-तीन पानं वाचली आणि चष्मा काढून म्हणाले, "जातो. पोटात आवाज जातो. शेवटचे महिने तर नक्कीच. अशा जागी गरोदर बाईनं काम करू नये. तुम्ही कोण?" मी सांगितलं. "हे शिकवतात का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

बुधवारी रंजनाला सांगितलं. तिनं तिथल्या तिथं, ओठांनीच, सासूला सांगितलं. पोर पोटात आहे हेही आणि आवाजाचंही. कमळाक्कानं हातातली कांडी खाली ठेवली, सुनेचा दंड धरला आणि तिला ओढतच मालकाच्या खोलीकडे घेऊन गेली. आत काय झालं ते मी दारातून बघत होते. मालक आधी हसला, मग उठून उभा राहिला, मग बसला. कमळाक्का स्वतः बहिरी, त्यामुळं आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा तिला अंदाज नव्हता आणि तिचा आवाज चोवीस मागांवरून मला ऐकू येत होता. त्या दिवसापासून रंजनाला रस्त्यापलीकडच्या इमारतीत, कापडाचे तागे तपासायच्या खोलीत बसवलं. पुढं मी बरीच वर्षं कबनूरला जात राहिले. कानात घालायचे रबरी बोळे मिळवले, ते मालकाला दिसू नयेत म्हणून बायकांनी पदराआड घातले, काहींनी फेकले, काहींचे कान वाचले. संस्था बंद पडली तरी बुधवार चालू राहिला. पण त्या दिवशी कमळाक्का मालकाच्या खोलीतून बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जिंकून आलेल्या बाईसारखी मुळीच दिसत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "माझी तीन पोरं ह्याच रांगेत पोटात हुती. नऊ म्हयने, एक दिस खाडा न्हाई. धाकट्याला लहानपनापास्नं हाक कळत न्हाई. तवा कुठं हुतीस तू?"

तिचा धाकटा पोटात होता तेव्हा मी पहिली-दुसरीत, पाढे म्हणत असणार. ते सांगण्यासाठी मी तोंड उघडलं, ती वाट बघत होती, आणि मी ते मिटलं.